फ्री सॉफ्टवेअरवाल्याला सुरक्षेची सूचना कशी करायची?

प्रश्न : नमस्कार भाऊ, माझं अमळनेरला ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, स्कॉलरशिप, भरती, सगळंच चालतं. फोटो न् सही २०-५० केबीत बसवायला एक छोटं फ्री सॉफ्टवेअर वापरतो, काम एक नंबर करतं. पण परवा अपडेटचा मेसेज आला तर लिंक नुसती एचटीटीपीची, शेवटचा एस नाहीच. वरून दरवेळी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं, आणि टेम्प फोल्डर (तात्पुरत्या फाईली राहतात तो) उघडला तर गिऱ्हाईकांच्या आधारकार्डाचे स्कॅन तसेच पडलेले. बनवणाऱ्याला सांगावंसं वाटतं, पण मी काही प्रोग्रामर नाही, फुकट वापरणाऱ्याचं कोण ऐकणार?

उत्तर : भाऊ, ऐकतात, नक्की लिहा. तुम्ही जे तीन मुद्दे पकडले ते तिन्ही खरे आहेत आणि रोज वापरणाऱ्यालाच असं दिसतं.

सगळ्यात आधी अपडेटचं लिहा. एचटीटीपीवरून फाईल येते तेव्हा वाटेत कुणी ती बदलली तरी कळत नाही, आणि तुमच्या दुकानाचा वायफाय थांबलेल्या पोरांनाही दिलेला असेल तर हे "वाटेत" म्हणजे तुमच्याच बाकावर बसून सुद्धा होऊ शकतं. त्यात प्रोग्रॅमला ॲडमिनची परवानगी, म्हणजे बदललेली फाईल अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेईल. २०१६ मधे कीपास ह्या पासवर्ड सांभाळणाऱ्या फ्री सॉफ्टवेअरबद्दल हीच तक्रार झाली होती. डेव्हलपरचं आधी म्हणणं पडलं की एचटीटीपीएस केलं तर साईटवरच्या जाहिरातींचं उत्पन्न जाईल, पण लोकांनी विषय लावून धरला आणि २.३४ व्हर्जनपासून अपडेटची माहिती असलेल्या फाईलवर डिजिटल सही आली, म्हणजे फाईल बनवणाऱ्याचीच आहे आणि वाटेत बदललेली नाही हे कॉम्प्युटरला तपासता येईल अशी खूण. म्हणून नुसतं "एचटीटीपीएस करा" एवढंच लिहू नका, "अपडेट बसवण्याआधी सही तपासा" हेही मागा. सही असली की काम फत्ते असंही नाही हां, २०१७ मधे सीक्लीनरच्या ५.३३ व्हर्जनमधे हल्लेखोरांनी कंपनीच्याच सिस्टीममधे शिरून व्हायरस घातला आणि त्यावर कंपनीची खरी सही होती, तरी पण वाटेतली गडबड सहीने पकडली जाते आणि तुमची अडचण तीच आहे.

आता मेल. साध्या इंग्रजीत चार ओळी पुरे, हेल्पमधल्या अबाऊटमधून व्हर्जन नंबर, विंडोज कोणती, काय केलं, काय दिसलं, काय बदल हवा. "तुमचं सॉफ्टवेअर सेफ नाही" असं मोघम लिहिलं तर तो बिचारा काय दुरुस्त करणार? "फोटो सेव्ह करून प्रोग्रॅम बंद केला तरी मूळ स्कॅन टेम्पमधे राहतो, बंद होताना तो डिलीट करा" असं लिहिलं तर त्याला लगेच करून बघता येतं. तसंच फोटो लहान करायला ॲडमिन कशाला लागतो, सेटिंग युजरच्या फोल्डरमधे ठेवली तर साध्या खात्यावरही चालेल, हेही टाका. आणि एक हात जोडून सांगतो, पुरावा म्हणून गिऱ्हाईकाच्या आधारचा स्क्रीनशॉट पाठवू नका, कुठलाही फुलाबिलाचा फोटो घेऊन तेच करून दाखवा.

हे व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर आधी टाकायचं नाही, दुरुस्ती यायच्या आत वाईट माणसालाच वाट दाखवल्यासारखं होतं. कोड गिटहबवर (डेव्हलपर कोड ठेवतात ती साईट) असेल तर सिक्युरिटी टॅबमधे खाजगीत कळवायची सोय असते का बघा, नाहीतर साईटवरचा मेल आहेच. ह्या क्षेत्रात गोष्ट उघड करण्याआधी साधारण ९० दिवस थांबायची पद्धत आहे. तेवढ्यात काहीच उत्तर नाही तर सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इनला कळवा, ते बनवणाऱ्याशी संपर्क करतात.

तोपर्यंत ऑटो अपडेट बंद, गिऱ्हाईकांचा वायफाय वेगळा, आणि रोज दुकान बंद करताना टेम्प रिकामा. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधारच घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

प्रश्न : फ्री सॉफ्टवेअर उघडताना "अननोन पब्लिशर" असं पिवळं येतं, म्हणजे व्हायरस का? (शहादा)

उत्तर : नाही ताई, त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही एवढाच अर्थ. त्या सहीच्या सर्टिफिकेटला दरवर्षी पैसे लागतात, एकट्या डेव्हलपरला ते परवडत नाहीत. ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) असेल तर साईनपाथ फाउंडेशन फुकटात सही करून देतं, हे त्याला जरूर सुचवा. तेही नाही जमलं तर डाउनलोडच्या पानावर फाईलचा एसएचए-२५६ कोड, म्हणजे फाईलवरून निघणारा तिचा ठसा, द्यायला सांगा. ६४ अक्षरांचा असतो, तुमच्याकडं आलेल्या फाईलचा काढून जुळवायचा, एक अक्षर जरी वेगळं निघालं तर ती फाईल उघडू नका. आणि डाउनलोड बनवणाऱ्याच्याच साईटवरून करा, गुगलवर सगळ्यात वर जाहिरात म्हणून येते त्या लिंकवरून नाही.