दवाखान्याची तारीख आणि पेढीवरची रजा

प्रश्न : मी सोलापुरात चादरी व टॉवेलच्या एका घाऊक पेढीवर नऊ वर्षांपासून हिशेबाचे काम पाहते. पेढीवर आम्ही पंचवीस जण आहोत आणि माझा पगार 18,500 रुपये आहे. गेल्या वर्षी मला आमवाताचे निदान झाले. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की डब्याचे झाकणही उघडत नाही. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जावे लागते आणि त्याआधी रक्त तपासून घ्यावे लागते. रजा मागताना मी कधी पाहुण्यांचे, कधी बँकेचे कारण दिले; एकदा तर मावससासरे वारल्याचेही सांगून बसले. आता मालक विचारतात, ‘‘दर महिन्याला तुमच्याच घरी काही ना काही कसे निघते?’’ अर्धा दिवस गेले तरी पूर्ण दिवसाचा पगार कापला जातो. आजार सांगितला तर नोकरी जाईल अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आज मालकांच्या मनात जो संशय आहे तो आजाराचा नसून खोट्या कारणांचा आहे आणि नऊ वर्षे चोख हिशेब ठेवणाऱ्या माणसाबद्दल असा संशय राहणे हे आजार कळण्यापेक्षा अधिक घातक आहे. मावससासऱ्यांचा विषय आपण होऊन काढू नका. ते कधी पेढीवर चादर घ्यायला आलेच, तर त्या वेळी पाहता येईल.

रजा मागण्यासाठी आजाराचे नाव सांगावेच लागते असे नाही. ‘दीर्घकालीन उपचार चालू असून दरमहा एकदा तपासणीसाठी येणे आवश्यक आहे’ एवढ्या आशयाची चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या आणि ती जोडून लेखी अर्ज द्या. अर्जात पुढील तीन महिन्यांच्या तारखा, जाण्यायेण्याची वेळ आणि त्या दिवशीचे काम कसे भरून काढणार, हे स्पष्ट लिहा. तुमच्या कामाला स्वतःचे पंचांग आहे. जीएसटीचे मासिक विवरण भरत असाल, तर 11 आणि 20 या तारखांच्या आसपास तुमची गैरहजेरी मालकांना परवडणार नाही. म्हणून डॉक्टरांकडे 12 ते 17 या दरम्यानची वेळ मागा आणि तसे अर्जात नमूदही करा. मालकांची अडचण आपण आधीच ओळखली आहे हे त्यांना दिसले, की नकार देणे त्यांनाही जड जाते.

रक्तासाठी वेगळी रजा घेत असाल तर ती वाचवता येईल, कारण प्रयोगशाळा सकाळी लवकर उघडतात आणि अनेक ठिकाणी घरी येऊनही नमुना नेतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चालू असेल आणि दुसऱ्या दिवशी मळमळ किंवा थकवा जाणवत असेल, तर ती साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्री घेतल्यास चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. वार मात्र आपल्या मनाने बदलू नका. आजार आटोक्यात आल्यावर दोन तपासण्यांमधील अंतर वाढवता येईल का, हेही विचारून ठेवा.

आता हक्कांविषयी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीनुसार खात्यावर जमा होते आणि वर्षअखेरीस न वापरल्यास बुडते. मालकांनी अर्ध्या दिवसाची रजा मान्य केली, तर तुमच्या बारा फेऱ्या 6 दिवसांत बसतात. त्याशिवाय वर्षात 240 दिवस काम झाले असल्यास दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. आणि रजा नसली तरी पगार कापायचा तो जितका वेळ गैरहजर तितक्याच प्रमाणात, हे वेतन कायद्याचे जुने तत्त्व आहे. अर्ध्या दिवसाला पूर्ण दिवस कापणे त्यात बसत नाही. मागच्या कपातीचा वाद आताच उकरू नका. नव्या अर्जात ‘अर्धा दिवस’ हे शब्द ठळकपणे येऊ द्या.

पगाराची पावती काढून पाहा. तीत कामगार राज्य विम्याची सुमारे 139 रुपयांची, म्हणजे 0.75 टक्क्याची, कपात दिसली तर तुम्ही विमाधारक आहात. 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ही योजना लागू होते. पात्रतेच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. परंतु त्यासाठी योजनेच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सहसा मिळत नाही, त्यामुळे महिन्याच्या एका फेरीला तिचा उपयोग नाही. सांधे सुजून पंधरा-वीस दिवस अंथरुणाला खिळण्याची वेळ आली, तर मात्र हाच आधार ठरेल. म्हणून खासगी डॉक्टरांचे उपचार चालू ठेवूनही विमा दवाखान्यात एकदा आपले कागद दाखवून नोंद करून घ्या.

अर्जाची एक प्रत तारीख आणि पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. मालक बोलून तयार होणारे असतील तर तिची गरज पडणार नाही. नाही झाले, तर सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारला जाईल, की तुम्ही रजा लेखी मागितली होती का.