आजोबांच्या डब्यातली नाणी ऑनलाइन लिलावात द्यायची का? (उत्तर जरा लांब झालंय)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही नीट मोठे करून बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. गुहागरच्या घरी आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात ११ नाणी मिळालीत, ३ छोटी चांदीची, ७ तांब्याच्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी) आणि १ चांदीची दुमडलेली तार. व्हॉट्सअ‍ॅपवर दर रविवारी लिलाव घेणारा एक जण म्हणतोय की घासून स्वच्छ करून पाठवा, सगळ्यांचा मिळून एकच लॉट लावतो. मस्कतचा भाचा म्हणतोय मलाच द्या. आणि तुम्हाला स्वतःला त्याच लिलावात एक सातवाहनांचं चेहऱ्याचं नाणं आवडलंय.

आधी घासायचं बोलू, कारण ते तुम्ही आजच करून बसाल. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने नाहीतर वापरलेल्या आमसुलांनी लख्ख करायची सवय, हात आपोआप तिकडे जातो. नका करू. तांब्याच्या नाण्यावर जो काळपट, चॉकलेटी नाहीतर घट्ट हिरवा थर बसलेला असतो तो शेकडो वर्षांचा असतो आणि घेणारा त्याचेच पैसे देतो, घासलेली गुलाबी-लाल शिवराई आम्ही बघतो आणि पुढे सरकतो. फक्त एक बघा, कुठल्या शिवराईवर फिकट हिरवी पावडर सुटत असेल, पुसली तरी परत येत असेल, तर ती वेगळी काढा. त्याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल मिळून धातू आतून खातो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा त्रास घाटावरच्यांपेक्षा जास्त. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि त्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये अजिबात घालू नका, ते पीव्हीसी असतं, काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर धरतं.

आता एकच लॉट. हे म्हणजे तुमचं नुकसान आणि त्याची सोय. शिवराया घेणारा गिऱ्हाईक वेगळा, प्राचीन चांदी घेणारा वेगळा, आणि ती तार घेणारा तर तिसराच. सगळं एकत्र लावलं की बोली लावतो तो फक्त व्यापारी, कारण त्याला फोडून परत विकायचं असतं, आणि बहुतेक वेळा हा व्यापारी म्हणजे लिलाव घेणाराच किंवा त्याचा कोणी ओळखीचा.

तुमच्या चांदीच्या तिघांपैकी दोनांवर एका बाजूला राजाचं मुंडकं आणि दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, खाली नदीची नागमोडी रेघ आहे. वजन २ ते अडीच ग्रॅमच्या मधे भरलं तर बहुतेक पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांची. या नाण्यांची गंमत अशी की राजा स्वतःचं नाव तर लिहितोच पण बापाचंही लिहितो, आणि नंतरच्या बऱ्याच नाण्यांवर डोक्याच्या मागे ब्राह्मी आकड्यांत शक वर्ष असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. शक २७० वाचता आलं तर इ.स. ३४८, म्हणजे स्वामी रुद्रसेन तिसरा. एवढ्या जुन्या काळात राजा आणि साल दोन्ही मिळणं फार कमी नाण्यांत होतं, म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी क्षत्रपच घ्यायला सांगतो, मिळतातही भरपूर. पण थांबा, टेकडीवालं प्रत्येक नाणं क्षत्रपांचं नसतं. त्रैकूटक घराण्याने, म्हणजे दह्रसेन आणि व्याघ्रसेन या राजांनी, हीच धाटणी उचलली आणि त्यांचं राज्य दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणच्या भागातलं. नाण्यावर कोरलेल्या लेखात परमवैष्णव आणि महाराज असेल तर त्रैकूटक, राज्ञो महाक्षत्रपस असेल तर क्षत्रप. तुमच्या दुसऱ्या फोटोतला लेख काठावरून कापला गेलाय, नाणं ठोकताना ठसा बाजूला सरकला की असं होतं, त्यामुळे फोटोवरून ठाम सांगत नाही.

तिसरं मात्र मला सगळ्यात आवडलं. बसलेला नंदी दिसतोय ना, ते नाणं कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचं असणार, सहावं शतक. हे नाणं नाशिक, मुंबई-साष्टी या बाजूला सापडतं, आणि राजा गेल्यावरही दीडएकशे वर्षं लोक ते वापरत होते, कारण पुरी-कोकणचा राजा भोगशक्ती याच्या अंजनेरी ताम्रपटात, साधारण इ.स. ७१० च्या, दंडाची रक्कम कृष्णराज-रूपकांत, म्हणजे याच नाण्यांत, सांगितलीय. म्हणजे आपल्या कोकणच्या राज्यात चाललेला पैसा हा. लिलावाच्या वर्णनात एवढी एक ओळ टाकली तरी ‘जुनं चांदीचं नाणं’ म्हणून लावलेल्या लॉटपेक्षा चार बोल्या जास्त येतात, छोट्या लिलावात तर माहितीवरच सगळं चालतं कारण तिथे नाणं हातात घेऊन बघायला कोणाला मिळत नाही.

ती तार म्हणजे लारी. इराणच्या लार गावावरून नाव पडलेलं, चांदीची तार दुमडून वर ठसा मारायचा, आखाताच्या व्यापारात चालायची, आणि आपल्या बाजूला विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने त्या काढल्या. वजन ५ ग्रॅमच्या जरा आत भरतं. सोनाराने मोड म्हणून कितीतरी वितळवल्या असतील, तुमची वाचलीय तर सरळ करून बघायचा मोह आवरा, तुटते.

शिवरायांबद्दल थोडक्यात. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, एवढं बघून लोक रायगडावरची, १६७४ ची म्हणून विकतात. ही नाणी पेशवाईत आणि पुढेही निघत राहिली, दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी, म्हणजे नंतरची. तुमच्या सातात पाच तरी दुदांडी दिसतायत. त्या एकत्र लावल्या तरी चालेल.

फोटो परत काढा. सकाळी पडवीत तिरपा उजेड येतो तेव्हा, फ्लॅश बंद, दोन्ही बाजू आणि कड. कडेचा फोटो कोणी देत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे वजन करून आणा.

कड का, तर आता तुम्हाला घ्यायच्या नाण्याकडे येतो. सातवाहनांची चेहऱ्याची चांदीची नाणी खरी फार कमी आहेत. आपल्या बाजूचं नावाजलेलं उदाहरण सोपाऱ्याचं, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला तेव्हा यज्ञ सातकर्णीचं नाणं मिळालं होतं. कमी मिळतात आणि नाव मोठं, त्यामुळे नकला उदंड. साच्यात ओतलेली नक्कल असेल तर कडेवर बारीक शिवण दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे, अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला बारीक चिरा जातात, धातू ताणला गेलेला दिसतो.

पण मोबाईलवर फोटो बघून हे सगळं कळेलच असं नाही, म्हणून मी आधी जुळा शोधतो. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोघांचा काठाचा आकार, ठसा किती सरकलाय, कुठे चीर आहे, हे तंतोतंत सारखं असूच शकत नाही. तुम्हाला आवडलेल्या नाण्यासारखंच, त्याच जागी तीच टोच असलेलं नाणं दुसऱ्या कुठल्या लिलावात दिसलं तर निदान एक तरी ओतीव आहे, आणि बहुतेक दोन्ही. झेनो आणि न्यूमिस्टा या नाण्यांच्या वेबसाइटवर आणि मोठ्या लिलावांच्या जुन्या निकालांत तासभर घालवा. मी शोधलं. तुम्ही टाकलेल्या त्या नाण्याच्या कपाळावरची टोच आणि उजवीकडचा तुटका काठ मी आधी बघितलेल्या दोन ‘वेगवेगळ्या’ नाण्यांवर जसाच्या तसा आहे. सोडून द्या ते.

सातवाहन हवंच असेल तर क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेलं बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला, त्यातली साधारण दोन तृतीयांश अशी परत ठोकलेली, शत्रूला हरवून त्याच्याच चांदीवर उज्जैनीचं चिन्ह आणि टेकडी मारायची. खालून नहपानाचं नाक नाहीतर ग्रीक अक्षरं डोकावताना दिसली की मला तर चेहऱ्याच्या नाण्यापेक्षा यात जास्त मजा येते. नकला याच्याही आहेत, कड बघायचीच.

आता लिलावाचा हिशोब. समजा तुम्ही ४००० ला नाणं जिंकलात, वर १२ टक्के बायर प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाला घेतो ते कमिशन, ४८०, पोस्टाचे १५०, झाले ४६३०. बोली लावताना डोक्यात ४६३० पाहिजे. विकणाऱ्याकडून १५ टक्के घेत असतील तर त्याच्या हातात ३४००. हे दर आधी लेखी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला तरी चालेल, फोनवर नको. वेळ संपायच्या शेवटच्या मिनिटात बोली आली तर वेळ वाढते का तेही विचारा, वाढत नसेल तर शेवटच्या सेकंदाला कोणीतरी घेऊन जातो आणि पावसाळ्यात आपल्याकडे नेमकी तेव्हाच लाइट जाते. जास्तीत जास्त आकडा आधीच देऊन ठेवायची सोय असेल तर ती वापरा, पण लिलाव घेणाऱ्यावर भरवसा असेल तरच, कारण तुमचा आकडा त्याला कळतो.

आणि एक प्रकार फार चालतो. लिलाव संपतो, तुम्ही हरता, दुसऱ्या दिवशी मेसेज येतो की जिंकणारा मागे हटला, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो. लोक खुश होतात. जरा बोल्या मागे जाऊन बघा. समजा तिसरा माणूस २२०० ला थांबला होता आणि त्यानंतर फक्त तुम्ही आणि तो पळालेला, असं ३८०० पर्यंत गेलं. पळालेल्याच्या सगळ्या बोल्या खोडा. तुमची खरी स्पर्धा २२०० शी होती, म्हणजे फार तर २३०० ला ते नाणं तुमचं. तेवढंच म्हणा. बऱ्याचदा हा पळालेला माणूस भाव चढवायलाच बसवलेला असतो, आणि २३०० म्हटल्यावर समोरून उत्तर काय येतं त्यावरून लिलाव कसा आहे ते कळतं.

लिलाव लावायचा तर गणपतीच्या आठवड्यात लावू नका. मुंबईकर गावी, गाववाले आरतीला, बोली लावणार कोण.

भाच्याला सरळ उत्तर: नाही, देऊ नका. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूत येतं आणि ते देशाबाहेर खाजगी माणसाला पाठवता येत नाही, पार्सलने नाही आणि बॅगेतूनही नाही. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि वर दंड. त्याला हवीच असतील तर इथल्या घरी त्याच्या नावाने ठेवा. पुरावस्तू विकायचा धंदा करणाऱ्याला त्याच कायद्याने परवाना लागतो, त्या रविवारवाल्याला परवाना आहे का विचारा, विचारल्याचा राग आला तर दुसरा बघा. आणि एक, तुम्ही प्रश्नात लिहिलंय की काही नाणी आजोबांना आगरात खणताना मिळाली असं आई म्हणते. हे नीट विचारून घ्या. जमिनीत पुरलेलं १० रुपयांच्या वरचं काही सापडलं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. विकणारे ‘शेतात सापडलेलं, अस्सल’ असं कौतुकाने लिहितात तेव्हा मला हसू येतं, स्वतःच्याच हाताने कबुली. जी आगरातली असतील ती लिलावात लावूच नका, आधी वकिलाला विचारा.

तूर्त त्या माणसाला एवढंच कळवा की एकत्र लॉट देणार नाही. नंदीच्या नाण्याची कड, दुसऱ्या टेकडीवाल्याचा लेख जवळून, आणि तिन्हींची वजनं इथेच टाका, त्रैकूटक निघालं तर मी स्वतः बोली लावणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, त्यामुळे त्या एका नाण्याच्या भावाबद्दल माझं न ऐकता दुसऱ्या कोणाला तरी विचारा.