ब्रिटनमधून शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या स्त्री-कैदी जहाजावर महिनोन्‌महिने काय करायच्या?

बऱ्याच जणी शिवणकाम करायच्या. तुरुंग-सुधारणेसाठी झटणाऱ्या इंग्लंडच्या एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला मंडळाकडून त्यांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे मिळत. हात रिकामे राहिले की भांडणं होतात, हा त्यामागचा साधा हिशोब. 1841 च्या एप्रिलमध्ये 'राजा' नावाचं जहाज (हो, नाव खरंच राजा!) सुमारे 180 बायका घेऊन इंग्लंडहून निघालं आणि जुलैत ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला पोचलं. तेवढ्या काळात त्यातल्या काहींनी 2,815 तुकड्यांची गोधडी शिवली. मध्यभागी छापील कापडातून कातरून जोडलेले पक्षी आणि फुलं. मंडळाचे आभारही टाक्यांनी लिहिलेत, शिवणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत ती जपून ठेवली आहे. बाकी या कैदी बायकांपैकी बहुतेकींचा गुन्हा म्हणजे किरकोळ चोरी.