दाट झाडीतील शिकारीसाठी काडतुसाची निवड

प्रश्न : दाट जंगलात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) घेण्याचा माझा विचार आहे. १०० यार्डांपलीकडे नेम धरण्याची वेळ येणार नाही. .३०-३० विंचेस्टर, .३५ रेमिंग्टन आणि .४५-७० गव्हर्नमेंट यांपैकी कोणते काडतूस निवडावे? जड गोळी झुडपांतून सरळ आरपार जाते, असे जुने शिकारी सांगतात, ते खरे मानावे काय?

उत्तर : आपण .३०-३० घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळीच्या तोंडाशी मोजलेले आकडे पाहिले, तर ही तीन काडतुसे एकमेकांपासून फार दूरची वाटतात. .३०-३० ची १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने निघते, .३५ रेमिंग्टनची २०० ग्रेनची २,०८० फुटांनी, तर .४५-७० ची ४०५ ग्रेनची पारंपरिक गोळी अवघ्या १,३३० फुटांनी. परंतु आपला प्रश्न १०० यार्डांचा आहे आणि तेथे पोहोचेपर्यंत तिघींची ऊर्जा साधारण १,२०० ते १,३५० फूट-पौंडांच्या दरम्यान येते. त्यातही किंचित वरचढ असते ती.३०-३० च. हरणाएवढ्या जनावरासाठी ही ऊर्जा पुरेशी आहे. खरा फरक पडतो तो खांद्यावर, कारण त्या पारंपरिक, सौम्य बारातही .४५-७० चा धक्का .३०-३० च्या जवळपास दुप्पट असतो, आणि धक्क्याच्या धास्तीने चाप झटक्याने ओढणाऱ्याचा नेम हमखास ढळतो. जनावर चटकन मरते ते गोळी हृदयात किंवा फुफ्फुसांत बसली तर. पोटात बसलेली जाड गोळीही त्याला तासन्‌तास तडफडत ठेवते.

.३५ रेमिंग्टन हे १९०६ पासूनचे गुणी काडतूस आहे. त्याची रुंद गोळी मोठी जखम करते आणि माग काढण्यास त्याची मदत होते. मात्र त्याची काडतुसे .३०-३० इतकी सहज मिळत नाहीत, आणि सरावाला काडतुसेच नसतील तर त्या रुंदीचा उपयोग काय? अस्वलांचा वावर असलेल्या भागात मी .४५-७० चा आग्रह धरला असता, हरणासाठी नाही.

झुडपांविषयीची समजूत आपण मनातून काढून टाकावी, ही कळकळीची विनंती. फांदीला घासून गेलेली कोणतीही गोळी वाट बदलते किंवा आडवी होते. जड आणि संथ गोळी कदाचित थोडी कमी भरकटते, पण त्या भरवशावर बार काढणे म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची तयारी करणे होय. मोकळी फट दिसेपर्यंत थांबावे आणि ती न दिसल्यास बार काढूच नये.

आणखी दोन गोष्टी आपण विचारलेल्या नसल्या तरी सांगणे आवश्यक आहे. बहुतेक लिव्हर अ‍ॅक्शन रायफलींचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे साठवण्याचा कप्पा, नळीच्या आकाराचे असते आणि त्यात एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरला, टेकलेले असते. कठीण अणकुचीदार टोक असेल तर धक्क्याने आतल्या आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या वापराव्यात. टोकदार हवी असल्यास हॉर्नाडी कंपनीची मऊ पॉलिमर टोकाची, खास याच रायफलींसाठी बनवलेली काडतुसे घ्यावीत.

दुसरी गोष्ट, पुढेमागे आपण .४५-७० ची जुनी रायफल घेतलीत तर. हे काडतूस १८७३ मध्ये बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी तयार झाले आणि त्या काळातील ट्रॅपडोअर रायफलींची यंत्रणा नाजूक आहे. आजच्या भक्कम रायफलींसाठी भरलेली जोरकस काडतुसे त्यांच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, सहज बसतात, पण त्यांचा दाब ती यंत्रणा सोसू शकत नाही. तेव्हा वेष्टनावर कोणत्या रायफलींसाठी म्हटले आहे, ते वाचल्याशिवाय एकही काडतूस भरू नये.