काल्पनिक राज्यातलं गुप्त बंड खरं कसं वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कल्पनारम्य कादंबरीत एका राज्यातला दडपलेला अल्पसंख्य समाज वरून राजनिष्ठ राहतो आणि आतून बंडाची तयारी करतो, पण लिहिलेलं काही केल्या खरं वाटत नाही. शिवाय त्या समाजाला एखादी गुप्त जादू द्यावी का, असंही तुम्ही विचारलंय.

न वाचता सांगतो, तुमच्या मसुद्यात तळघरातल्या बैठका असणार, परवलीचे शब्द असणार आणि एखादा फितूर असणार. असू द्या. पण अशा बंडाची खरी गोष्ट तळघरात घडत नाही. ज्यांच्यासाठी बंड करायचं ती माणसं ऐन रात्री दार उघडतात की नाही, तिथे ती घडते. तुमच्या कादंबरीला एक राज्य हवंय ना? मग स्पेनमधलं सोळाव्या शतकातलं ग्रनादा घ्या. नावं बदला, डोंगर बदला, बाकी सगळं तिथे तयार आहे.

1492 च्या जानेवारीत ग्रनादाच्या शेवटच्या मुस्लिम सुलतानाने शहर फर्नांदो आणि इसाबेला या ख्रिश्चन राजाराणीच्या हवाली केलं. तहात लिहून दिलं होतं की धर्म, कायदा, मशिदी, रीतिरिवाज सगळं तसंच राहील. आठच वर्षांत सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली, लोक उठले, आणि उठले म्हणून तह मोडला असं दरबाराने जाहीर केलं. धर्म बदला नाहीतर देश सोडा. बहुतेकांनी बदलला. या नव्या ख्रिश्चनांना मोरिस्को म्हणायचे. संपूर्ण स्पेनमध्ये ते मूठभर, पण ग्रनादाच्या राज्यात निम्म्याच्या आसपास. ही गोष्ट तुमच्या नकाशासाठी महत्त्वाची आहे. देशात अल्पसंख्य आणि आपल्या खोऱ्यात बहुसंख्य असलेला समाज वेगळ्या हिमतीने वागतो.

1526 मध्ये अरबी भाषा, पोशाख आणि चालीरीतींवर बंदीचा हुकूम निघाला. मोरिस्कोंनी राजाला मोठी रक्कम मोजली आणि हुकूम चाळीस वर्षं बासनात गेला. थोडक्यात, एक अख्खी पिढी पैसे भरून आपलं जगणं विकत घेत राहिली. काल्पनिक राज्यं रचणारे बहुतेक लेखक हा काळ गाळतात. जुलूम आणि बंड यांच्यामध्ये देवाणघेवाणीची लांबलचक वर्षं असतात. त्यात काही माणसं श्रीमंत होतात, काही दरबारात पोचतात, आणि आपण सुरक्षित आहोत असं त्यांना मनापासून वाटू लागतं.

मग 1567 च्या पहिल्या जानेवारीला स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा नवा हुकूम ग्रनादात पुकारला गेला. तीन वर्षांत अरबी बंद. बोलणंही आणि लिहिणंही. अरबी नावं बंद, बायकांचे बुरखे बंद, हमामखाने बंद. आणि शुक्रवारी व सणासुदीला घराची दारं उघडी ठेवायची, आत काय चाललंय ते कुणालाही दिसलं पाहिजे. या एका कलमावर तुमचा पहिला भाग उभा राहील. उघड्या दाराच्या घरात आजी नातवाला प्रार्थना कशी शिकवेल? तोंड न हलवता? भाकरी थापताना? उत्तर आफ्रिकेतल्या ओरानच्या एका मुफ्तीने 1504 मध्येच या लोकांना फतवा धाडला होता: नमाज नुसत्या खुणेने केला तरी चालेल, दारू पाजलीच तर मनात नकार ठेवून प्या, मूर्तीपुढे वाकायला लावलं तर मनाने वेगळीकडे वाका. गुप्त समाज म्हणजे रोज शंभर वेळा केलेला असला बारीकसा हिशेब. तलवारी फार पुढे येतात.

(तीन वर्षांची मुदत आपल्या शेजारीही दिली गेली होती. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला तेवढाच वेळ दिला. भाषा टिकली. बारदेशातलं तुमचं आजोळ असेल तर या मुदतींचं पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.)

हुकूम आल्यावर पहिलं पाऊल तलवारीचं पडलं नाही, अर्जाचं पडलं. फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या म्हाताऱ्या मोरिस्को सरदाराने ग्रनादाच्या न्यायसभेच्या अध्यक्षाला, पेद्रो दे देसाला, लांबलचक निवेदन दिलं. त्याचा युक्तिवाद आजही वाचताना धार जाणवते. आमचा पोशाख धर्माचा नाही, प्रांताचा आहे, जसा कास्तीयच्या, म्हणजे स्पेनच्या मुख्य राज्याच्या, प्रत्येक भागाचा वेगळा असतो. पूर्वेकडचे ख्रिश्चन अरबीतच बोलतात, म्हणून ते काय मुसलमान झाले? चेहरा तर ख्रिश्चन बायकाही झाकतात. हमाम अंग धुण्यासाठी असतो. जुनी नावं गेली तर कोण कुणाच्या घराण्यातला हे कसं कळणार? आणि म्हातारी माणसं तीन वर्षांत नवी भाषा शिकणार कशी? प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. उपयोग शून्य झाला. तुमच्या कादंबरीत असा एक म्हातारा हवाच. त्याला भित्रा रंगवू नका. कायद्याच्या भाषेत कायद्याला हरवता येईल असं मानणारा तो शेवटचा माणूस आहे. तो हरला की तरुण पोरांना अडवायला कुणी उरत नाही.

कारणं मात्र फक्त धर्माची ठेवू नका. 1559 पासून ग्रनादात जमिनींची तपासणी चालू होती. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या रानाचा कागद दाखवा, नाहीतर दंड भरा किंवा जमीन सोडा. रेशीम हा तिथल्या मोरिस्कोंचा मुख्य धंदा आणि त्यावरचा कर वाढत चालला होता. ज्याची तुतीची झाडं कागदाअभावी गेली तो डोंगरात पळून दरोडेखोर झाला. अशांना मोनफी म्हणत. तुमच्या बंडाचं सैन्य अशा माणसांतून तयार होतं, आणि ते शिस्तीचं नसतं. याचा फटका पुढे बसतो.

आता कटाची तयारी. लढू शकणारी माणसं किती हे मोजायचं होतं, आणि शंका येऊ न देता मोजायचं होतं. मोरिस्कोंच्या इस्पितळासाठी वर्गणी गोळा करायची परवानगी होती. ती वर्गणी मागत माणसं खेडोपाडी फिरली आणि जाता जाता शिरगणती करून आली. गुप्त संघटनेला स्वतःची नवी जागा लागत नाही, सरकारमान्य जागा पुरते. तुमच्या राज्यात देऊळ असेल, धर्मशाळा असेल, विणकरांची पेढी असेल, तिच्याच वहीत बंड लिहा. म्होरक्यांपैकी फराश अबेन फराश हा कापड रंगवणारा. राजा म्हणून ज्याला निवडलं तो एर्नांदो दे वालोर तर शहराच्या सभेचा सभासद होता, आणि सभेत खंजीर नेल्याच्या भांडणावरून त्याला स्थानबद्ध केलं होतं. राजा झाल्यावर त्याने जुन्या खलिफांच्या घराण्याचं नाव घेतलं, अबेन हुमेया. तो आदर्शवादी होता की अपमानाने पेटलेला होता हे इतिहासकारांना ठरवू द्या. तुम्ही दोन्ही ठेवा.

ठरलं 1568 च्या नाताळच्या रात्रीचं. ख्रिश्चन चर्चमध्ये असतील, अल्पुहारा डोंगरातून हजारो माणसं उतरून अल्हाम्ब्रा किल्ल्याला शिड्या लावतील, खाली अल्बायसीन ही मोरिस्कोंची मोठी वस्ती उठेल.

बिघडलं ते कोंबड्यांपासून. नाताळला घरी निघालेले काही कारकून आणि शिपाई वाटेतल्या मोरिस्को गावांतून नेहमीप्रमाणे कोंबड्या, मध, फळं, पैसे उकळत चालले होते. मोनफींना राहवलं नाही, त्यांनी ठरलेला दिवस उजाडायच्या आधीच त्यांना कापून काढलं. कादियार गावात उतरलेल्या एका कप्तानाला आणि त्याच्या सैनिकांना यजमानांनीच रात्री मारलं. बातमी फुटली. त्यात सिएरा नेवादा पर्वतावर बर्फ पडलं आणि डोंगरातली फौज उतरलीच नाही. फराश तरीही शेदोनशे माणसं घेऊन अल्बायसीनमध्ये शिरला. तुर्कांची मदत आली आहे असं वाटावं म्हणून त्यांनी तुर्की टोप्या घातल्या होत्या. गल्लीगल्लीतून हाका मारल्या. वस्तीचं उत्तर इतिहासकारांनी नोंदवलंय, त्याचा मथितार्थ असा: भाऊ, देवाचं नाव घेऊन परत जा, तुम्ही थोडे आहात आणि अवेळी आलात.

दारं उघडली नाहीत. पहाटे ते निघून गेले.

मसुद्यातलं तुमचं फितुरीचं प्रकरण मी या प्रसंगासाठी काढून टाकेन. इथे कुणी कुणाला विकलं नाही. आतल्या लोकांनी महिनोन् महिने कट जपला होता, पैसे दिले होते. फक्त त्या रात्री त्यांनी गल्लीतले पाय मोजले, घरातली पोरं मोजली. त्यांची रेशमाची दुकानं होती. आपण दार लावलं तर सरकार ते लक्षात ठेवील असंही वाटलं असणार. सरकारने काही लक्षात ठेवलं नाही. पुढच्याच वर्षी, जून 1569 मध्ये, अल्बायसीनमधल्या मोरिस्को पुरुषांना एकत्र करून शहराबाहेर हाकललं. ज्यांनी बंड केलं नव्हतं ते आधी गेले. डोंगरातली लढाई तोवर जोरात चालू होती.

सत्ताधाऱ्यांनाही एकजिनसी करू नका. ग्रनादाचा सेनापती मोंदेहारचा मार्किस मोरिस्कोंशी जुने संबंध असलेल्या घराण्यातला. त्याने शरणागती स्वीकारायला सुरुवात केली होती. देसाच्या न्यायसभेला ते नको होतं. आणि पगाराऐवजी लुटीवर जगणाऱ्या सैनिकांना तर शांतता परवडणारीच नव्हती, कारण पकडलेली बाई बाजारात गुलाम म्हणून विकली जायची. शरण आलेली गावं लुटली गेली की ती पुन्हा डोंगरात जायची. दुसऱ्या बाजूनेही हात रक्ताळलेले होते. अल्पुहारातल्या गावांत बंडखोरांनी पाद्री आणि शेजारी ख्रिश्चन हालहाल करून मारले, चर्चं जाळली. हे गाळलंत तर कादंबरी गोड होईल आणि वाचकाचा विश्वास जाईल. अबेन हुमेयाला 1569 च्या ऑक्टोबरात त्याच्याच माणसांनी गळा आवळून मारलं. त्याच्यानंतरच्या अबेन अबूलाही 1571 मध्ये आपल्याच माणसाने संपवलं. त्याच्या प्रेतात मीठ भरून ते ग्रनादात मिरवलं गेलं. बाहेरची मदत म्हणाल तर अल्जियर्सहून काहीशे माणसं आणि थोडी हत्यारं आली. तिथल्या तुर्की सुभेदाराचा डोळा ट्युनिसवर होता आणि इस्तंबूलच्या सुलतानाचा सायप्रसवर. मित्रराज्य लिहिताना त्याचा स्वतःचा स्वार्थ आधी लिहा.

मला विचाराल तर या गोष्टीचा नायक राजा नाही, फराशही नाही. दुभाषा आलोन्सो देल कास्तियो आहे. मोरिस्को वैद्य, अरबीचा जाणकार, सरकारच्या चाकरीत. बंडखोरांची पकडलेली पत्रं तोच उलगडायचा. इतकंच नाही, कुणा धर्मपंडिताने लिहिल्यासारखं अरबी पत्र स्वतः रचून त्याने बंडखोरांना शरण यायचा सल्ला दिला. गद्दार? थांबा, जादूकडे येतो, तिथे तो पुन्हा भेटेल.

बंडाआधी ग्रनादात भाकितं फिरत होती. मुसलमानांचं राज्य परत येणार, अमुक चिन्हं दिसणार, तमुक वर्षी समुद्रापलीकडून सैन्य येणार. खरं मानणारे होते, न मानणारे होते, आणि न मानता पसरवणारेही होते. 1570 च्या नोव्हेंबरपासून ग्रनादाच्या मोरिस्कोंना हजारोंनी कास्तीयभर पांगवलं गेलं. थंडीत, पायी. पुष्कळ वाटेत मेले. आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1595 मध्ये, शहराजवळच्या टेकडीत शिशाचे पत्रे सापडू लागले, त्यावर वेडीवाकडी अरबी अक्षरं. मजकूर असा की स्पेनला पहिल्यांदा ख्रिस्ताचा संदेश घेऊन आलेले संत अरब होते, आणि खुद्द मेरीने अरबी भाषेची थोरवी गायली. ग्रनादाचा आर्चबिशप हरखून गेला, टेकडीवर मठ उभा राहिला. पत्रे वाचायला बोलावलेल्यांत कास्तियो होता, आणि मिगेल दे लूना हा दुसरा मोरिस्को दुभाषा. ते बनवले त्यांनीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तलवारीने जमलं नाही ते त्यांनी शत्रूच्या धर्मातच अरबीला जागा करून मिळवायचा प्रयत्न केला. रोमने पत्रे बनावट ठरवले, पण 1682 मध्ये. तोवर 1609 ते 1614 च्या हुकमांनी स्पेनमधले जवळपास तीन लाख मोरिस्को देशाबाहेर घालवले गेले होते.

तेव्हा जादू द्या, जरूर द्या. पण ती बनवणारा माणूस आम्हाला दाखवा, त्याला अधूनमधून स्वतःच्याच बनावटीवर विश्वास बसू द्या, आणि तिचा पहिला भक्त शत्रूचा धर्मगुरू असू द्या. सुरुवात कुठून करायची ठरत नसेल तर त्या नाताळच्या रात्रीचं प्रकरण आधी लिहा, तेही दाराच्या आतल्या बाजूने, आणि मग मागे जा.