डाव बरोबरीत, बरोबरीवर की अनिर्णित?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलाच्या बुद्धिबळ स्पर्धेची बातमी मंडळाच्या अंकासाठी लिहिताना त्यांनी 'डाव बरोबरीवर सुटला' असं लिहिलं. पुण्याच्या नणंदेने ते खोडून 'अनिर्णित राहिला' केलं. बरोबर कोण?

ताई, 'बरोबरीवर' ही आपल्या हिंदी शेजाराची देणगी. 'मुकाबला बराबरी पर छूटा' रोज कानावर पडतं, तेच लेखणीत उतरतं. 'डाव ड्रॉ राहिला' हेही त्यातलंच. मराठीत डाव बरोबरीत सुटतो.

पण नणंदबाईंची दुरुस्तीही मला पटत नाही. पाच दिवस संपले तरी कुणी जिंकलं नाही, अशा कसोटीला 'अनिर्णित' शोभतं. बुद्धिबळात बरोबरी हाच निकाल. दोघांच्या खात्यात अर्धा-अर्धा गुण पडतो. वरच्या पातळीवर तर हा निकाल नेहमीचाच. २०१८ साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआना यांचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि जगज्जेता जलद डावांवर ठरला. अस्सल 'अनिर्णित' हवं असेल तर कार्पोव्ह-कास्पारोव्ह यांची १९८४ची लढत घ्या. सहा डाव आधी जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम होता. ४८ डाव झाले, त्यांतले ४० बरोबरीत! शेवटी फेब्रुवारी १९८५ मध्ये, कार्पोव्ह ५-३ ने पुढे असताना, लढतच गुंडाळली. तिथे डाव बरोबरीत सुटले, लढत मात्र अनिर्णित राहिली.

आणखी एक खड्डा आहे, त्यात पत्रकारही पडतात. 'बरोबरी साधली' म्हणजे डाव बरोबरीत सुटला असं नव्हे. २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश पहिला डाव हरला, दुसरा बरोबरीत सुटला, तिसरा त्याने जिंकला. म्हणजे तिसऱ्या डावात त्याने गुणांची बरोबरी 'साधली', तीही जिंकून! पुढचे सलग सात डाव बरोबरीत 'सुटले'. क्रियापद बदललं की निकालच फिरतो.

'कोंडी' हा शब्दही जपून वापरा, प्रत्येक बरोबरीला लावू नका. राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही खेळी उरलेली नाही, तेवढ्यालाच कोंडी म्हणायचं. तुमच्या मुलाने प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवून डाव संपवला असेल, तर 'दोघांनी बरोबरी मान्य केली' असं बिनधास्त छापा.