आधी शोधशब्द, मग टूल

प्रिय,

लोक कंपनीबद्दल ऑनलाइन काय बोलतात यावर लक्ष ठेवायचं काम तुझ्याकडे आलंय आणि कोणतं टूल घ्यावं असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर पहिला महिना काहीच विकत घेऊ नकोस. गूगल अलर्ट्स, म्हणजे दिलेला शब्द वेबवर नव्यानं कुठे आला की ईमेल पाठवणारी सेवा, २००३पासून फुकट मिळतेय. तिच्या नजरेतून बरंच सुटतं, सोशल मीडियावरचं तर फारच. पण शोधशब्द घासूनपुसून घ्यायला ती पुरेशी आहे.

खरं काम तिथेच आहे. मी एका कंपनीत होतो तेव्हा आम्ही नावाचं अचूक स्पेलिंग तेवढं टाकलं होतं. डॅशबोर्ड आठवडाभर शांत. आणि ग्राहक मात्र नावातलं एक अक्षर गाळून, दोन शब्द जोडून, कुणी नुसतं उत्पादनाचं नाव घेऊन रिफंडसाठी टाहो फोडत होते. आम्हाला ते कळलं ग्राहकसेवेच्या फोनवरून. टूलला दोष कसा देणार? सांगितलं तेवढंच त्यानं शोधलं. ती रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा ग्राहकसेवेतल्या लोकांशेजारी दोन दिवस बस. चिडलेला माणूस तुमचं नाव कसं लिहितो, हे त्यांच्याकडच्या ईमेलमध्ये सापडेल. वेगवेगळ्या लिप्यांतली रूपं, उत्पादनांची, अ‍ॅपची आणि प्रमुखांची नावं, सगळं यादीत घे. कंपनीचं नाव रोजच्या वापरातला शब्द असेल, तर कोणते संदर्भ वगळायचे तेही लिही. नाहीतर कचऱ्यातच बुडशील.

उल्लेख कौतुकाचा की तक्रारीचा हे आपोआप ठरवणाऱ्या टूलच्या आलेखावर विसंबू नकोस. ‘वा, तिसऱ्यांदा बिघडलं, कमाल आहे तुमची!’ हे वाक्य यंत्र सहज कौतुकात टाकतं. दर आठवड्याला शंभरेक नोंदी स्वतः वाच. कंटाळवाणं आहे, पण वाच.

मग ब्रँडवॉच, मेल्टवॉटर, मेन्शन, ब्रँड२४ या विकतच्या टूल्सचे डेमो बघ. विकणाऱ्यांना एकच गोष्ट खोदून विचार: माहिती नेमकी कुठून येते आणि ती वाट उद्या बंद झाली तर? २०२३मध्ये ट्विटरनं (आताचं एक्स) एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या टूल्सना माहिती देणाऱ्या वाटेनं, पोस्ट फुकट वाचू देणं बंद केलं, ऑगस्ट २०२४मध्ये मेटानं फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टवर लक्ष ठेवायचं आपलं क्राउडटँगल हे टूल गुंडाळलं. त्यांवर अवलंबून असलेल्यांना तिथलं दिसेनासं झालं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खाजगी गप्पा तर कोणत्याच टूलला दिसत नाहीत, कुणी तसा दावा केला तर तिथूनच उठ.

अलर्ट प्रत्येक उल्लेखाला नको, नेहमीच्या प्रमाणापेक्षा उल्लेख अचानक वाढले की यावा. आणि रात्री दोनला आला तर फोन कुणाचा वाजेल, ते आधी ठरवून घे.

शोधशब्दांची पहिली यादी झाली की मला पाठव, एकत्र बसून बघू.

तुझा,
एक जुना सहकारी